ओल्या पडद्यामागचं हसू

मंडळी जाऊन चार महिने झाले. मंडळी म्हणजे माझी बायको. आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नव्हते, साठ वर्षं मी मारली नाही, आता कागदावर कशाला लिहू. भेटायला येणारे सांगतात, फार शांत बाई होती. खोटं आहे. ती हसायची, आणि हसायला लागली की तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं एका तंबूत.

आमचं गाव कर्जतहून कळंबकडे जाताना लागतं. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. भात झोडून झालं, शेतं मोकळी झाली की एक तंबूवाला बैलगाडीवर इंजिन आणि सिनेमाचं मशीन घालून यायचा. गड्यांच्या मांडीला मांडी लावून बायकांना बसवणं तर शक्यच नव्हतं. म्हणून पडदा तंबूच्या मधोमध. अलीकडे आम्ही, पलीकडे त्या. मशीन आमच्या बाजूला. कापड ओलं असलं की चित्र आरपार दिसतं, म्हणून त्याच्यावर सारखं पाणी मारावं लागे. ते काम माझ्याकडे आलेलं. घागर आणि तांब्या घेऊन मी पडद्याच्या खांबाशी उभा. मान इकडे केली की गडी दिसत, तिकडे केली की बाया.

तिकडे तिसऱ्या रांगेत माझी आई आणि आईला चिकटून मंडळी. लग्नाला सहा महिने झालेले. वीस वर्षांची होती, तेव्हाच्या मानानं थोराडच नवरी. पण सहा महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला तो 'हो' आणि 'नाय' एवढाच. आईसमोर ती पदराच्या बाहेर येत नव्हती. आईची जरब मलासुद्धा होती.

मुख्य चित्र देवाचं, म्हणून गाव झाडून आलं होतं. त्याच्या आधी दोन रिळांचं एक छोटं चित्र लावलं, मुकं. तंबूवाला भोंग्यातून ओरडून सांगत होता, "हे आपल्या जुन्या संस्कृत काव्यातलं आहे हो, मोठेमोठे पंडित वाचतात!" संस्कृत म्हटल्यावर पुढच्या दोघा म्हाताऱ्यांनी हात जोडले.

जोडलेले हात तसेच राहिले. चित्रात होतं काय, तर एक राजपुत्र वर्षानं घरी येतो. बायको नदीवर न्हाऊन ओल्या केसांनी पायरीवर बसलेली. तो खाली बसतो, तिचा पाय मांडीवर घेतो आणि पायाला तांबडा अळिता लावतो. मग तिच्या शेजारी बसून एकेक द्राक्ष तिच्या तोंडात घालतो. बस. गोष्ट एवढीच. पण त्याची घाई नव्हती आणि तिला लाज नव्हती.

गड्यांच्या बाजूला माना पुढे झाल्या. मग मागून आवाज आला, "पानी मार रं! कापड वाळलं!"

"आत्ताच मारलंय."

"मग तिच्या खांद्याशी मार, थितं वाळलंय!"

मी मारलं. ओघळ तिच्या खांद्यावरून कमरेपर्यंत आला आणि दोघातिघांनी शिट्ट्या घातल्या. तेवढ्यात पडद्यावरच्या बाईनं द्राक्षाबरोबर नवऱ्याचं बोटही दातात धरलं. त्याच वेळी पलीकडून हसू आलं. खळखळून, एकटीचं. मी मान वळवली. मंडळीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, पण उशीर झाला होता.

पाटील ताडकन उठले. उठले ते मशीनच्या उजेडात, त्यामुळे पागोट्यासकट त्यांची सावली थेट त्या बाईच्या मांडीवर पडली. गडी हसले. पाटील आणखी भडकले. "बंद करा ही घान! आन असल्या चित्राला हासली ती कोन? कोनाच्या घरातली? उद्या सकाळी पारावर कळलं पायजे!"

मग देवाचं चित्र लावलं. ते कोणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

घरी जाताना आई पुढे, मंडळी मागे. मला एकच दिसत होतं. आदल्या साली शेजारची सून बांगडीवाल्याशी हसून बोलली म्हणून तिला गाडीत घालून माहेरी धाडली होती, ती अजून आली नव्हती. आता आमची गाडी जुंपणार. आणि गंमत बघा, बायको जाणार या भीतीनं मला पहिल्यांदा कळलं की मला ती हवी आहे.

सकाळी मारुतीच्या पारावर सगळे जमले. पाटील म्हणाले, "जी हासली तिच्या मानसानं मुकाट्यानं सांगावं. तिला चार महिने माहेरी धाडायची. वळन लागलं की आना."

मी मान खाली घालून बसलो. आज लोक मला तोंडाचा फटकळ म्हणतात. त्या दिवशी माझं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

तेवढ्यात विहिरीकडून आई आली. डोक्यावर हंडा, मागे चारपाच बाया. हंडा न उतरवता म्हणाली, "भावजी, मी हासले."

"वैनी, तुमी? या वयात?"

"वयाला काय झालं? राजाचा पोर म्हनं, आन बायकोला डाव्या हातानं भरवतो! ज्या हातानं मानूस..." पुढचं ती बोलली, मी लिहीत नाही. "त्याच्या आयनं त्याला काय शिकवलंच नाय. हासू नाय तर काय करू?"

पाटील म्हणाले, "डाव्या कुठला? उजव्या हातानं भरवत व्हता."

"डाव्या!"

"उजव्या! दोन बोटांत धरून, असं, हळूच..." पाटलांनी हात पुढे करून दाखवलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "पाटील, नीट बघितलंत की वो!"

पार हलला इतके लोक हसले. बाया मात्र हटेनात. "डावाच व्हता! आमी समद्यांनी बघितला. आमाला तर शिसारी आली." म्हणजे घाण दोन्ही बाजूंना वाटली होती, पण गड्यांची घाण वेगळी आणि बायांची वेगळी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठलो. "पाटील, मशीन आपल्या अंगाला हाय. पडद्याच्या मागनं उजवा तो डावा दिसतो. मी खांबाशी व्हतो."

"खात्री केल्याबिगर मी काय मानायचा नाय," पाटील म्हणाले. त्या संध्याकाळी तंबूवाल्याला ते चित्र परत लावायला लावलं. बायकांची बाजू रिकामी करून पाटील एकटेच मागे घोंगडी टाकून बसले. पुढे आदल्या दिवसापेक्षा जास्त गर्दी, खालापुराहून पाहुणे आले होते. पाणी मीच मारलं. चित्र संपलं तरी पाटील बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते म्हणाले, "डावा. हासायचीच गोष्ट हाय." आणि चालते झाले.

घरी येऊन मी चार भाकऱ्या खाल्ल्या. आई चुलीशी बसून मंडळीला म्हणत होती, "पुढच्या खेपंला आदी मला कोपर मार गं. मी बी हासन संगं." मंडळी पदराआडून इतकी हसली की तवा निवला.

पुढे मी तिला विचारलं, डाव्या हाताचंच हसू आलं ना? ती म्हणाली, "छ्या. तिनं बोट चावलं ना, ते मला लय बरं वाटलं, म्हनून हासले. हात कोन बघतंय?"

गेल्या वर्षी मला लकवा झाला. उजवा हात गेला, हे लिहितोय तेही डाव्यानंच. त्यानंतर तिनं अंथरूण धरलं. शेवटच्या आठवड्यात ती सुनेच्या हातचं खाईना, म्हणून मी मऊ भात कालवून डाव्या हातानं तिच्या तोंडाशी नेला. तिनं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अवो," ती म्हणाली, "पाटलांना बोलवा."

तोंडात दात एकही नव्हता, तरी घासाबरोबर बोट धरलं तिनं. आणि हसली. तीन घरं पलीकडे नाही गेलं, पण मला ऐकू आलं. घास गिळला तिनं. मी दुसरा कालवला.