ओव्हाळ मॅडम आणि बापूरावाय

ओव्हाळ मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकीकडे जायच्या. बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर घरात कुणी गेलेलं असो, मॅडम चपला काढायच्या, दारातूनच सगळ्यांना मिळून एक नमस्कार करायच्या आणि थेट काचेपाशी उभ्या राहायच्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असायचं. ते डोळ्याला लावून काचेचा खालचा कोपरा न्याहाळायचा, मग पर्समधून रबरी नळी लावलेली एक बारीक बाटली काढायची, नळी तोंडात धरायची आणि काचेवरचं काहीतरी सुर्रकन बाटलीत ओढून घ्यायचं. आमच्या प्राचार्यांचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. तिथंही मॅडमनी हे केलं. रडणाऱ्या बायका रडायच्या थांबून बघत राहिल्या. "उजेडाकडं धावतात आणि काचेला अडकून मरतात बिचारे," मॅडम हळहळून म्हणाल्या. हे नक्की कुणाबद्दल, ते कुणालाच कळलं नाही. पण प्राचार्यांच्या आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला.

पुढे स्टाफमधल्या बायका ओव्हाळ मॅडम येणार म्हटलं की घरातल्या काचा लख्ख पुसून ठेवायला लागल्या. मॅडम आल्या की काच बघून हिरमुसायच्या. "पुसली व्हय?" म्हणायच्या आणि मुकाट्यानं पोहे खायच्या.

आम्ही इंदापूरच्या एकाच कॉलेजात होतो. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. मॅडम मूळच्या बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीच्या. वर्गात छापील मराठी बोलायच्या, पण भिंगाखाली काही मिळालं की गावची बोली आपोआप वर यायची. स्टाफरूममध्ये त्यांचं "आहे", "नाही" चाललं असेल तर समजायचं, दिवस कोरडा गेला. "हाय" ऐकू आलं की आम्ही आपापला चहा घेऊन दुसऱ्या टोकाला सरकायचो. कारण मग मॅडम दाखवायच्या, आणि त्या जे दाखवायच्या ते आम्हा कुणालाही कधी दिसायचं नाही.

कऱ्हाटीला त्यांच्या भावाचा ऊस होता. त्या उसावर पाकोळी पडली. पाकोळी म्हणजे पानातला रस शोषणारी भुरकट कीड. ती पानाच्या मागच्या बाजूला अंड्यांचे पुंजके घालते. भाऊ फवारणीच्या तयारीत होता. मॅडमनी त्याला थांबवलं, अंडी असलेली पानं कापून बरण्यांत भरली आणि स्कूटीवरून इंदापूरला आणली. काही दिवसांनी त्या अंड्यांतून पाकोळीऐवजी भलतंच काही बाहेर आलं. खसखशीच्या दाण्याएवढं, काळं, चमकणारं.

"ताई, चिलट हाय ते," बरणी बघायला इंदापूरला आलेला भाऊ म्हणाला.

"चिलटाला दोन पंख असत्यात रे. हिला चार हायत. माशी हाय ही, गांधिलीच्या जातकुळीतली."

पुढचं सगळं वर्ष मॅडमनी त्या माशीच्या मिशा मोजण्यात घालवलं. मिशा म्हणजे डोक्यावरच्या दोन स्पर्शिका. त्यांना मण्यांसारख्या गाठी असतात. विभागातला मायक्रोस्कोप असा होता, की त्यात बघताना एक डोळा मिटायचा, एका हातानं आरसा उन्हाकडे धरायचा आणि ढग आला तर सुट्टी. तरीही मॅडमच्या हिशेबानं ह्या माशीच्या मिशीला एक गाठ जास्त भरत होती. असल्या माश्यांची जेवढी वर्णनं त्यांना मिळाली, त्यांत ही गाठ कुठंही नव्हती. म्हणजे ही प्रजाती नवी.

मॅडमना तिला कऱ्हाटीचं नाव द्यायचं होतं. पण बातमी फुटली आणि संस्थेचे अध्यक्ष तात्या ह्यांनी त्यांना बोलावून घेतलं. मराठीचा माणूस नावाच्या कामी लागेल म्हणून प्राचार्यांनी मलाही सोबत धाडलं.

"मॅडम, पगार इंदापुरात अन् नाव बारामती तालुक्याचं?" तात्या म्हणाले. "आपल्या संस्थेला जागा कुणी दिली? आमच्या वडलांनी. बापूरावांचं नाव द्या."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "देते. विभागाला एक चांगला मायक्रोस्कोप घेऊन द्या."

परत येताना मी त्यांना म्हटलं, "इतक्या लवकर कबूल झालात?" त्या म्हणाल्या, "सर, नाव कुणाचं बी चालतंय. दिसायला पायजे."

शास्त्राच्या रीतीप्रमाणे पुरुषाचं नाव द्यायचं तर शेवटी 'आय' जोडतात. माशीचं नाव झालं 'बापूरावाय'. तात्यांना ते जरा खटकलं. "आमच्या वडलांच्या नावापुढं आय कशाला?" त्यांनी विचारलं. मॅडमनी लॅटिन समजावलं. तात्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा फुलला. "म्हंजे बाप बी आला, आय बी आली! झ्याक हाय."

लेख एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आला आणि कॉलेजनं सत्कार ठेवला. महामार्गावर जो फ्लेक्स लागला त्यावर डावीकडे फेटा बांधलेले कैलासवासी बापूराव, उजवीकडे हात जोडलेले तात्या आणि मधोमध कोंबडीएवढी पिवळी गांधीलमाशी होती. खऱ्या माशीचा फोटो मॅडमनी दिला होता, पण फ्लेक्सवाल्यानं तो डाग समजून पुसून टाकला. मॅडमचं नाव खाली होतं, शुभेच्छुकांमध्ये. मानपत्र मी लिहिलं. आमच्या कॉलेजात मराठी विभाग त्यासाठीच पोसलेला होता.

सभेत मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माशीची माहिती दिली. "ही माशी स्वतःचं घर बांधत नाही. दुसऱ्यानं घातलेल्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आतलं सगळं खातं. बाहेरून बघणाऱ्याला अंडं शाबूतच दिसतं." पहिल्या रांगेत संस्थेचे संचालक बसले होते. मागच्या रांगांमध्ये एकदम खोकल्याची साथ आली. प्राचार्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. पण तात्या तयार गडी. माइक हातात घेऊन गरजले, "शेतकऱ्याच्या दुश्मनाला आतून संपवणारी माशी हाय ही! आमचे बापूराव आसंच होते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माझ्या कानात विचारलं, "सर, मायक्रोस्कोप कधी येणार?"

तो आला. दोन्ही डोळ्यांनी बघता येणारा, स्वतःचा दिवा असलेला. प्राचार्यांनी हार घातला, तो काढून मॅडम बसल्या त्या उठेनात. डबासुद्धा तिथंच खायच्या. आम्हाला वाटलं, आता रोज "हाय" ऐकावं लागणार. झालं उलटंच. त्या दिवसेंदिवस छापील बोलायला लागल्या.

एका दुपारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"सर, चूक झाली आहे. ती जास्तीची गाठ नाहीच. माशी सुकताना मिशीवर सुरकुती पडली होती. ताज्या माश्या पुन्हा पुन्हा तपासल्या. गाठ नाही. ही माशी जुनीच आहे. फार पूर्वी दुसऱ्याच कुणीतरी तिचं वर्णन केलेलं आहे. ती मूळ माशी जिथं जपून ठेवली आहे त्या संग्रहालयातून तिचे फोटो मागवले. अगदी तीच."

"मग आता?"

"लिहिणार. माझं नाव रद्द करा, जुनंच खरं, असं कळवणार."

"कुणी चूक काढली आहे का?"

"नाही."

"पुढं कुणी काढेल?"

"न्हाय वाटत. इतक्या बारक्या मिशीत कोण डोकं घालतंय?"

"मग राहू द्या की, मॅडम. मूल्यांकन समिती येणार आहे, अहवालात माशी गेली आहे. तात्यांचे वडील आहेत त्यात."

मॅडमचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगत नाही. एक सबंध वर्ष गेलं होतं त्यांचं. पण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या आज्यानं आख्खा धर्म बदलला. चुकीच्या घरात राह्यचं न्हाय म्हणला अन् निघाला. अन् मला एका माशीचं नाव बदलता येईना व्हय?"



बातमी तात्यांकडे गेली. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा मी सोबत. ह्या वेळी चहा नव्हता.

"मॅडम, माझा बाप खोटा ठरवताय?"

"तुमचे वडील नाही, तात्या. माझं मोजणं खोटं ठरलंय."

"आवो, एक गाठ इकडं, एक गाठ तिकडं. कोण बघतंय? आपण आसं करू, संस्थेचा ठराव घेऊ. सर्वानुमते. गाठ हाय म्हणून."

प्राचार्यांनी तत्परतेनं पेन काढलं. मॅडम ताठ बसल्या.

"तात्या, ठरावानं मिशीला गाठ येत न्हाय."

तात्यांना आजवर विरोधक भेटले होते, फितूर भेटले होते, पण ज्याच्यावर ठराव चालत नाही असं काही भेटलं नव्हतं. त्यांनी प्राचार्यांना पेन खिशात ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "या तुमी."

मॅडमनी लेख पाठवला, तो छापूनही आला. आपली प्रजाती आपणच बुडवल्याचं त्यांनी अर्ध्या पानात, एकही विशेषण न वापरता लिहिलं होतं. मानपत्रं लिहिणाऱ्या माणसाला ते वाचून धडकी भरते. समिती आली आणि गेली. तिनं ना पहिला लेख वाचला ना दुसरा. कॅन्टीनच्या जेवणाबद्दल मात्र अहवालात चांगलं लिहिलं. फ्लेक्स उन्हानं फाटेपर्यंत महामार्गावर तसाच होता.

आणि मॅडमच्या बदलीचा आदेश निघाला. संस्थेची एक शाखा माळेगावला होती. ज्युनियर कॉलेज, पत्र्याचे वर्ग, शेजारून साखर कारखान्याला जाणारा रस्ता. तिथं पाठवणं म्हणजे शिक्षा, हे आमच्या संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. आदेश टाइप होत असताना तात्या म्हणाले म्हणे, "अन् ते यंत्र बी द्या धाडून तिकडंच. माझ्या बापाचं नाव घालवलेली वस्तू हितं नको. अवलक्षणी हाय." प्राचार्यांनी आदेशात दुसरं कलम घातलं. अशा रीतीनं मॅडम आणि मायक्रोस्कोप ह्या दोघांची बदली एकाच कागदावर झाली. माळेगावहून कऱ्हाटीचा ऊस इंदापूरपेक्षा कितीतरी जवळ. आदेश वाचून मॅडमनी तो पुन्हा एकदा वाचला, घडी घातली आणि मला विचारलं, "सर, ही शिक्षाच हाय ना? नंतर कुणी परत मागणार न्हाय ना?"

मी निवृत्त झालो आणि मुलाकडे पुण्याला राहायला निघालो, त्याच्या आधी त्यांना भेटायला माळेगावला गेलो. आमची ती शेवटची भेट. पुढे फोनवरच बोलणं होत राहिलं. कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता, हवेत मळीचा वास होता. मॅडमच्या केसांत पांढरं बरंच वाढलं होतं. मायक्रोस्कोप एका बाकावर मांडला होता आणि बाकाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले होते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की सबंध वर्ग थरथरायचा आणि भिंगाखालची माशी नाचायला लागायची.

"बसा सर," न बघताच त्या म्हणाल्या. "हितं कायतरी येगळं दिसतंय. ह्या वेळी पंखावर हाय."

मी जवळ स्टूल ओढलं. "नवीन प्रजाती आहे का?"

"थांबा. ट्रॅक्टर चाललाय. तो जाऊ द्या, मग मोजते."

डोळे भिंगांवरच ठेवून, एक हात हवेत तसाच धरून त्या थांबल्या. मीही थांबलो. दोन ट्रेलर ओढत ट्रॅक्टर सावकाश गेला, बाक थरथरायचा थांबला. मॅडमनी श्वास रोखला आणि पुटपुटत मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात वळणावरून दुसऱ्या ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. त्या हसल्या, हात पुन्हा हवेत धरला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या ह्यो बी. आपल्याला काय घाई हाय?"