शेठच्या गाडीची थरथर

कप आधी खाली ठेवा. मागं एकाला हे सांगत होतो, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि माझं दुःख राहिलं बाजूलाच. खरं तर हसण्यासारखं यात काही नाही हो! माझ्या अब्रूचं वाटोळं आहे सगळं.

मी भोरचा. तेव्हा वेल्ह्याच्या रस्त्याला, मार्गासनीजवळ, पुण्याच्या एका शेठनी नवं रिसॉर्ट काढलं होतं. आणि तिथं मॅनेजर कोण? अस्मादिक! नोकरी इतकी ताजी, की घरच्यांनी आळीत वाटलेले पेढे अजून लोकांच्या तोंडात होते.

एक दिवस शेठनी परदेशातून गाडी आणली. गाडी कसली! शेजारी शेजारी दोन चाकं, मध्ये उभं राहायला पाट आणि पाटातून वर आलेलं एक हँडल. ना सीट, ना ब्रेक. पुढं झुकलं की पुढं जाते, मागं झुकलं की मागं. तोल तिचा तीच सांभाळते. पाहुण्यांना तिच्यावरून आंब्याच्या बागेत फिरवायचं, ही शेठची हौस.

"मॅनेजर, ही तुमच्या ताब्यात," शेठ म्हणाले. "चार्जिंगला लावत जा, रोज एक चक्कर मारत जा. पुढच्या खेपेला होणाऱ्या व्याह्यांना घेऊन येतोय. त्यांना दाखवायचीय."

आणि गेले पुण्याला.

सुरुवातीला मजा आली. मग एका सकाळी बागेच्या चढावर हँडल थरथरायला लागलं. कसं? तर हुडहुडी भरलेल्या माणसाचा हात हातात धरावा, तसं! मी टुणकन खाली. परत चढलो. परत थरथर!

गेली नोकरी! लाखमोलाची गाडी बिघडवली मी!

स्वयंपाकाच्या यमुनाबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "सायेब, ती भ्यालीया."

"गाडी कशाला भिईल, यमुनाबाई?"

"मग नजर लागली आसंल. थांबा हितंच."

मीठ-मोहऱ्या आणून त्यांनी गाडीची दृष्ट काढली. वर म्हणाल्या, "तुमी पन जरा म्होरं व्हा," आणि माझीही काढली. गाडी थरथरतच राहिली. मी तर जास्तच!

मी नट आवळले, हवा बघितली, चाकं धुतली. काही दिवस शहाण्यासारखी चालायची, की परत पहिले पाढे. भारनियमनाचे दिवस ते. रात्ररात्र लाइट नाही. चार्जिंग झालंय का, हे दाखवणारा बारका दिवा कोण बघतंय? माझा सगळा जीव त्या हँडलमध्ये!

अशात शेठचा फोन.

"गाडी कशी आहे?"

"एक नंबर, शेठ!"

"हँडल थरथरलं का कधी?"

रिसीव्हर हातातून निसटायचाच बाकी होता. यांना कुणी सांगितलं? "छे छे! अजिबात नाही!"

"शाब्बास! काळजी घेताय म्हणायचं."

संपलं! म्हणजे थरथरणं हा माझ्याच निष्काळजीपणाचा पुरावा. आणि आता तर मी खोटंही बोललो होतो. खरं सांगायची वाटच बंद.

टेम्पोत घालून गाडी नेली कापूरहोळला. तिथं हायवेला सलीमभाईंचं गॅरेज. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल, त्यांच्या हाताखालून न गेलेलं वाहन नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि थेट माझ्याकडं बघितलं.

"सायेब, ह्येचं बाकीचं कुठं हाय?"

"एवढीच आहे, सलीमभाई."

"आन् पडत न्हाई? लईच झालं!" त्यांनी वर उभं राहून बघितलं, थरथर अनुभवली, उतरले. "थरथर कुठनं येतीया ते काय कळंना. पन हातापतुर येऊ द्यायची न्हाई, येवढं जमंल."

आणि काय केलं माहितीये? हँडलचा दांडा मधोमध कापला! ट्रकच्या इंजिनाखाली असतो तसला रबराचा ठोकळा मध्ये घालून घट्ट बसवला. पायाखाली जाड रबर. वरून काळा रंग.

"जावा आता. भूकंप झाला तरी हाताला कळायचं न्हाई!"

चक्कर मारली. लोण्यासारखी! मी सलीमभाईंना रस्त्यातच मिठी मारली.

शेठ आले. सोबत व्याही. शेठच्या अंगात पांढराशुभ्र सफारी. आदल्या रात्री लाइट नव्हतीच, पण मला कसली फिकीर? गाडी दुरुस्त होती ना!

शेठ चढले, झुकले, निघाले. बागेला वळसा घालून भाताच्या खाचराकडं आले. पाहुण्यांना लावणीची मजा यावी म्हणून आम्ही ते चिखल करून ठेवलेलं. शेठनी एक हात सोडून आवाज दिला, "व्याही, बघताय ना?"

आणि गाडीनं मान टाकली. गाडी बांधावर. शेठ मात्र पुढं गेले.

यमुनाबाई ओरडल्या, "अगं बया! शेठ लावणीला उतरलं!"

आम्ही धावलो. शेठ चिखलात उठून बसले. सुदैवानं हाडं शाबूत. डोळे तेवढे पांढरे दिसत होते.

"मॅनेजर, ही थरथरली का नाही?"

मला वाटलं, कौतुकच चाललंय! मी छाती पुढं काढली. "शेठ, ती थरथर आपण कायमची बंद केली! कापूरहोळहून खास काम करून आणलंय!"

शेठनी तोंडावरचा चिखल पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो, चार्जिंग संपत आलं की ती थरथरते. खाली उतर, म्हणून सांगते ती माणसाला."

धरणीमाते, पोटात घे! पण धरणीमाता त्या क्षणी शेठच्या सफारीला लागलेली होती. व्याही पाठ फिरवून उभे, खांदे गदगदा हलताहेत.

मला वाटलं, काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं हो! शेठ म्हणाले, "नवं हँडल परदेशातून येईपर्यंत गाडी बंद ठेवायची नाही. तिचं काम तुम्ही करायचं."

म्हणजे काय? तर पाहुणा गाडीवर चढला की मी शेजारून पळायचं. नजर चार्जिंगच्या दिव्यावर. दिवा लुकलुकला, की पाहुण्याचं कोपर धरून गदागदा हलवायचं आणि ओरडायचं, "उतरा! उतरा!"

एक बाई तर किंचाळल्याच. यमुनाबाईंनी त्यांना शांतपणे समजावलं, "भिऊ नका बाई, ते आमचं मॅनेजर हायती. गाडीतली थरथर काढून त्येंच्यात बशिवलीया."