वुओक्कोबाईंचं उणं क्षेत्रफळ

आम्ही फिनलंडातल्या पोहयानमा प्रांताची माणसं ताठ मानेची. दक्षिणेकडचे आमच्या बोलीला हसतात, हसू देत. वुओक्को रिंताला हेलसिंकीत शिकून आली, तरी अलाकोस्की गावच्या शाळेत गणित शिकवते ते आमच्याच बोलीत.

तिचा जीव एका फुकटच्या सॉफ्टवेअरवर. गणितं सोडवणारं. जगभरची माणसं फावल्या वेळात ते घडवतात, सगळ्यांनी मिळून एकाचं रान नांगरायच्या इर्जिकीसारखं. कुणी औत आणतं, कुणी नुसते हात. त्यातले फिनिश शब्द वुओक्कोनं घातलेले, कित्येक हिवाळे खपून.

यंदा एक विक्रेता आला, विकतच्या सॉफ्टवेअरची रंगीत चित्रं फिरवून गेला. शाळा मंडळ भुललं. अध्यक्ष तौनो म्हणाला, "बाई, दोन्ही एकाच रानात जुंपा आणि सांगा कोण ओढतंय ते. तुमचं मागं पडलं तर घरी न्या."

तिनं दोघांना तीच गणितं घातली. बहुतेकांत बरोबरी. एकात मात्र वाकड्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढायचं होतं. विकतच्यानं नीट काढलं. फुकटच्यानं काढलं उणं. रेषा सबंध शून्याच्या वर, आणि जागा उणी.

नवरा एस्को लाकूड गिरणीतला. बघून हसला. "उणं शेत. म्हणजे शेतसारा सरकारच आपल्याला भरणार." मग हळूच म्हणाला, "गाळ की हे गणित. दुसरं घाल. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

फुकटच्याची आतली मांडणी उघडीच असते. तिनं ती उसवली. हिशेब मध्येच तुटतो तिथं न बघता तो पुढं उडी मारत होता. तिनं दुरुस्ती लिहून पाठवली. ती तपासायला घडवणाऱ्यांकडं पडून होती.

मीही मंडळावर आहे, गाई सांभाळून. बैठकीत कॉफी ओतायच्या आधीच तिनं पडद्यावर ते उणं उत्तर लावलं. "हे माझ्याचं. चूक आहे. विकतच्याचं बरोबर आहे."

तौनो म्हणाला, "बाई, तुम्ही वकील कुणाच्या?"

"पोरांची."

"विकतचं कुठं चुकतं?"

"मला चूक सापडली नाही. पण चुकलं तर कुठं चुकलं ते दिसायचं नाही, आतून बंद आहे. ह्याचं कुठं बिघडलंय ते हे बघा." तिनं ती ओळ दाखवली. आम्हाला कळली नाही. पण बोट नेमकं ठेवलेलं कळलं.

तौनोनं कप खाली ठेवला. "तो विक्रेता अख्खी दुपार बोलला. एक तरी खोट सांगितली त्यानं?"

कुणालाच आठवेना. हात वर झाले, फुकटचं राहिलं. मीही केला, आणि मान जरा जास्तच ताठ झाली, खोटं कशाला बोलू.

वुओक्को सामान आवरत म्हणाली, "दुरुस्ती पक्की होईस्तोवर तसली गणितं पोरं हातानं सोडवतील. शिव्या घालतील मला."

"घालू देत," तौनो म्हणाला, "आपल्याच बोलीत घालतील."