मोटारीचा कूलर

वैशाखात आमच्या कूलरमामांकडे खुटबावला गेलं, की पाहुण्याला बसायला घोंगडी मिळायची आणि वारा घ्यायला जुनं वर्तमानपत्र. कूलरचा वारा मोटार खायची. कांद्याची चाळ रिकामी करून, तिच्या हवेच्या फटींवर पोती ठोकून मामांनी आत आपली काळी विलायती मोटार उभी केली होती आणि तिच्या तोंडासमोर लोखंडी कूलर दिवसभर घरघरत असायचा. आत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. गावच्या देवळात मामा स्वतः एवढे कडक नव्हते.

मामा आता नाहीत, म्हणून हे लिहायची सोय आहे. मोटार स्वातंत्र्याच्या आधीची. पुण्यात कुणाच्या तरी बंगल्यामागे धूळ खात पडलेली, ती मामांनी नव्वद सालच्या आसपास उचलून आणली. तेव्हा तिथला मेस्त्री सहज बोलून गेला, की उन्हाने सीटचं चामडं तडकतं. मामांनी ते वाक्य गुरुमंत्रासारखं धरलं. "माणसाला घाम येतो, त्यो आपोआप गार व्हतो. मोटारीला घाम येतो का?" असं ते ज्याला त्याला विचारत. कुणी उलट बोलत नसे, कारण मामा बागायतदार होते, सोसायटीचे चेअरमन राहिलेले होते आणि ऐकणाऱ्याचं बहुधा त्यांच्याकडे काहीतरी काम असे.

खरं तर कूलर त्यांचा नव्हताच. चुलीपुढे मामीला चक्कर येते हे ऐकून तिच्या भावाने तो केंदूरहून पाठवला होता. स्वयंपाकघरात तो जेमतेम आठवडाभर टिकला. "तुला दाराची झुळूक हाय की," मामा म्हणाले, "चाळीत कुठली झुळूक?" मामी पदराने कपाळ पुसून भाकरी थापत राहिली. मला मामांचा फार राग आला होता.

मामीचं मोटारीशी भांडण नव्हतं. उलट त्या मोटारीतून एकदा तरी माहेरच्या दारात उतरायचं, एवढी एकच हौस तिने आयुष्यात धरली होती आणि मामांनी तसा शब्दही दिला होता. पण उन्हाळ्यात इंजिन तापायचं, पावसाळ्यात चिखल उडायचा आणि हिवाळ्यात मामांना वेळ नसायचा. मामी दर वेळी एसटीने जायची. भावजया विचारायच्या, "मोटार कुठंय?"

"गार व्हतीय," मामी सांगायची.

पुढे लोडशेडिंग आलं. भर दुपारी वीज गेली, की मामा कूलरच्या गवतावर तांब्याने पाणी मारायचे आणि सुपाने मोटारीला वारा घालायचे. एकदा यवतचं माझं दुकान बंद करून मी गेलो होतो, तेव्हा हा सोहळा चालू होता. "मामा, मामीला पण घाला जरा," मी म्हणालो.

"तिचं चामडं न्हाई तडकत," मामा म्हणाले.

मामी तेव्हा चाळीच्या दारातच उभी होती. तिने आतला कोंदट वास घेतला. "आवं, हितं कांदा व्हता तवा तुमाला थेंबभर ओल खपत नव्हती. आन् आता रोज पाणी?"

"कांदा सडतो. लोखंड सडत न्हाई."

सगळा जन्म कांदा विकण्यात घालवलेला माणूस हे बोलत होता.

काही वर्षांनी मामीच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. या वेळी मामीने एसटीचं नाव काढू दिलं नाही. "मोटारीतनं न्या, न्हाईतर मी येत न्हाई. मग माझ्या भावाला काय सांगायचं ते तुमीच सांगा." मामांचा नाइलाज झाला. ठेवणीतली हिरवी साडी नेसून मामी मागच्या सीटवर बसली, मी पुढे. गाडीत बुरशीचा वास कोंदला होता, पण तिच्या चेहऱ्यावरचं सुख बघून मी काच खाली करून गप्प बसलो. राहूच्या अलीकडे एक खड्डा लागला आणि मागून मामीचा शांत आवाज आला, "गाडी थांबवा. माझं पाय रस्त्याला लागत्यात."

वर्षानुवर्षं ओल खाऊन गालिच्याखालचा पत्रा पापडासारखा झाला होता. मामांनी वाकून भोक पाहिलं, मग सीटवरून हात फिरवला. "चामडं बघ पण, कसं हाय. एक चीर न्हाई."

मामीने चामडं पाहिलं नाही. साडी झटकली, वडापच्या जीपला हात केला आणि आधीच दाटलेल्या माणसांत अंग चोरून बसून केंदूरला गेली. लग्न पार पडलं, वऱ्हाड पांगलं, तरी ती परत आली नाही.

शेवटी मामा एसटीने केंदूरला निघाले. एकट्याने जायचा धीर नव्हता, म्हणून मलाही ओढून नेलं. आम्ही पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं आणि मामांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मेहुण्याने बसा म्हटलं नाही. मामी ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती.

"कूलर सैपाकघरात लावलाय," मामा उभ्यानेच म्हणाले.

मामीची विळी थांबली नाही. "आन् मोटार?"

मामांना ते सांगायला जड गेलं. त्यांचा एवढा बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"उन्हात हाय."

मामीने त्यांच्याकडे पाहिलं. मग विळी आडवी केली, हात धुतले आणि पिशवी भरायला आत गेली.