मोरीमागचं अळू

मांजरी गावच्या बाबुरावांना जन्मात एकच व्यसन होतं: आपलंच बरोबर असण्याचं. ऊस तुटून गेला की ते काडेपेटी घेऊन बांधावर उभे राहत आणि पाचट पेटवून देत. धूर एवढा, की बांधावरचा म्हसोबासुद्धा खोकला असेल. त्यांची बायको हिराबाई त्याआधी धावत जायची, कवेत मावेल तेवढं पाचट घरी आणायची आणि मोरीमागच्या अळूवर पसरायची.

"अहो, जाळू नका. गांडुळं भाजत्यात. ती हायेत तोवर रान जित्तं हाय."

"मग काय त्यांना गोधड्या शिवू? रान बघ कसं साफ दिसतंय!"

रान साफच होत गेलं. ऊस गेला, इमारती आल्या, गेल्या वर्षी हिराबाई गेली. उरला विहिरीकाठचा एक तुकडा. तोही शेजारच्या सोसायटीला पार्किंगसाठी द्यायचं मुलानं, रविराजनं ठरवलं. बाबुराव अडून बसले.

"तिथं तुझ्या आईनं मेथी केलीय. रान जित्तं हाय अजून."

रविराज आयटीवाला, पुराव्याशिवाय बोलणं नाही. "आबा, उद्या खणून बघू. आईचं एक गांडूळ निघालं तरी सही करणार नाही. प्रॉमिस."

बाबुराव गुपचूप आधीच जाऊन खणून आले. कुदळ फरशीवर आपटावी तशी वाजली. ढेकूळ फुटलं, तर आत नुसती भुकटी. मग त्यांनी आयुष्यातली पहिली लबाडी केली, तीही धड जमली नाही. नर्सरीतून खताची गांडुळं पिशवीभर आणली, संध्याकाळी तुकड्यावर ओतली, वर पाणी मारलं आणि पेपर आधीच हाती लागलेल्या विद्यार्थ्यासारखे निवांत झोपले.

शेण-पाल्यात वाढलेली ती गांडुळं त्या विटेसारख्या रानात शिरणार कुठून? सकाळी दोघं पोचले तेव्हा गांडुळं टिपणाऱ्या साळुंक्यांची पंगत उठत आली होती. बांधावर नर्सरीची पिशवी पडली होती, नावासकट.

रविराज हसला नाही. हसला असता तर निदान भांडता आलं असतं. त्यानं खोल खणलं, माती हातात चुरडली.

"आबा, इथे काहीच नाही हो."

"ती सांगत होती..." बाबुरावांनी पिशवी उचलून खिशात कोंबली. मग म्हणाले, "कर सही."

घरी येऊन ते पाय आणि कुदळ धुवायला मोरीमागे गेले. हिराबाईनंतर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. मोरीच्या पाण्यावर अळू माजलं होतं. त्यांनी कुदळ टेकवली, तर ती लोण्यात शिरावी तशी आत गेली. काळीभोर माती उलटली. तिच्यात गांडुळं, एकमेकांत गुंतलेली, उजेड टाळून आत पळत होती.

"रवी..." त्यांनी हाक मारली, आणि अर्ध्यात गिळली. हा कोपरा कुणी मागितलाच नव्हता.

"हिरे, तुझंच बरोबर होतं," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं; पण सवय नव्हती. त्यांनी माती हातानं ओढून गांडुळं झाकली आणि स्वयंपाकघरातून ओल्या कचऱ्याची बादली उचलली.

"आबा, ती कचऱ्याच्या गाडीत द्यायचीय," सून म्हणाली.

ऐकूच न आल्यासारखे ते मागे गेले आणि दोडक्याची सालं अळूवर पसरत बसले.