दोन कामं, एक मशीन

दहिवलीत आमचं टायपिंगचं दुकान होतं. मशीन एकच. बायको त्यावर मराठी मजकूर टाइप करायची, मी लग्नपत्रिका करायचो. खिडक्या उघडणारं नवं सॉफ्टवेअर घातलं होतं आणि गिऱ्हाइकांना मी ऐटीत सांगायचो, "एकाच वेळी दोन कामं करतं."

ते खरं नव्हतं. प्रत्येक प्रोग्रामने थोडं काम करायचं आणि पाळी आपणहून दुसऱ्याला द्यायची, असा तो कारभार. एकाने पाळी सोडली नाही, तर बाकीचे ताटकळत. वर मेमरी चार एमबी. पत्रिकेतला गणपतीसुद्धा तेवढ्यात मावायचा नाही. मग मशीन हार्ड डिस्कवर जागा शोधत कुरकुरत बसायचं.

एका दुपारी सासरे कडावहून आले. निवृत्त मास्तर. बायको लहान असतानाच तिची आई गेली होती, आणि त्याबद्दल ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी खुर्ची ओढून म्हणाले, "घे गं लिहून. तुझ्या आईचं सांगतो."

ती थेट टाइप करायला लागली. टाइपरायटरवर शिकलेली, त्यामुळे पडद्याकडे बघायची नाही. ऐकलेलं कानातून सरळ बोटांत जायचं, डोक्यात थांबायचं नाही. "काय लिहिलं ते मी मागनं वाचते," असं नेहमी म्हणायची.

बराच वेळ ते बोलत होते. मध्येच ती त्यांना पाणी आणायला उठली. तेवढ्यात मी पत्रिका छापायला लावली आणि तिची खिडकी परत पुढे आणून ठेवली. ती येऊन बसली, टाइप करत राहिली. मग मशीन टूं टूं करायला लागलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ.

"अहो, हे का ओरडतंय?"

दारात खालापूरचं गिऱ्हाईक, नवऱ्यामुलाचा मामा. "झालं का रं? टेंपो कवाचा उभा हाय. तुजं मशीन दोन कामं करतं म्हनं, माजं येक करंना!"

थांबलो असतो तर छपाईने पाळी सोडली असती आणि तिचा मजकूर परत मिळाला असता. पत्रिका डिस्कवर सेव्ह होती, मशीन परत चालू करून एकटीच छापली तर लवकर निघणार होती. तिचा मजकूर नव्हता. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. मी रीसेटचं बटण दाबलं.

"गेलं?"

"मशीनच अडकलं होतं," मी म्हणालो.

"बाबा, पुन्हा सांगता?" तिने विचारलं.

"सांगून झालं की गं," सासरे चपला घालत म्हणाले. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही. काही वर्षांनी ते गेले.

मला तेव्हा काही वाटलं नाही. पत्रिका वेळेवर गेल्या, एवढंच. आजही जे वाटायला हवं ते वाटत नाही, नुसतं जड असतं.

गेल्या आठवड्यात जेवताना मुलीने विचारलं, "आई, तुझी आई कशी होती गं?"

"बाबांनी एकदा सांगितलं होतं. 'ती पाणी भरताना...' एवढंच आठवतं. पुढचं नाही."

तेव्हा मी सांगितलं. सगळं.

"तुम्ही थांबला असतात तर मिळालं असतं?" बायकोने विचारलं.

"बहुतेक."

तिने हात धुतला, पदराला पुसला. "बाबांना जाईपर्यंत वाटत होतं," ती म्हणाली, "की मीच ते नीट ठेवलं नाही."