हवा पाहायला गेलो होतो

नागपूर सोडताना माझ्या खिशात दोन कोरे पांढरे रुमाल होते. सुमननं, म्हणजे माझ्या पत्नीनं, ते स्वतः घडी करून दिले. गेल्या हिवाळ्यापासून तिच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला आहे. थंडी वाढायच्या आत शहराबाहेर हवापालट करा, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्यापुढे दोन घरं होती: पांढुर्ण्यात माझा पोस्टातला जुना सोबती देवाजी आणि सौंसरला तिचा भाऊ शेषराव. विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही बाई भावनेवर निर्णय घेत नाही. "दोन्हीकडे रात्रभर ओला रुमाल बाहेर टांगा. जो कमी काळा होईल, तिथे मी जाईन," ती म्हणाली. बॅग भरून तयार होती.

काटोल, नरखेड मागे पडलं, संत्र्याच्या बागा दिसू लागल्या आणि मी खिडकीतून उगाचच लांब श्वास घ्यायला लागलो. समोरच्या प्रवाशानं घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

देवाजी स्टेशनवर आला होता. "जयभीम! वहिनीले बिनधास्त पाठवा. तुमच्या नागपूरसारखा धूर नाही इथं." त्याच्या घरी वांग्याची झणझणीत भाजी आणि ज्वारीची भाकर हाणली, रुमाल गच्चीवर टांगला आणि झोपलो.

सकाळी सातला गच्चीवर गेलो तर सातपुडा गायब! चुलींचा धूर सरळ वर चढत होता आणि थोड्या उंचीवर, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा अडून आडवा पसरत होता.

"देवाजी, ही धुई (धुकं) आहे की धूर?"

"अर्धी धुई, अर्धा धूर. थंडीत हवा खालीच बसून राहते, अन् डोंगर तिले पुढं जाऊ देत नाही."

"पण धूर कोणाचा?"

"थोडा आमचा, थोडा घाट चढणाऱ्या ट्रकचा. बाकी तुमच्या नागपूरचा. खालून वारं आलं का इथंच येऊन थांबते."

नागपूरच्या वतीनं मी वरमलो. मग रुमाल आठवला. दोरीवर तो नव्हता. देवाजीची सून हसत हसत तो घेऊन आली, नीळ देऊन, इस्त्री करून. "काकाजी, रुमाल धुऊन टाकला जी. लय मळला होता."

"म्हणजे किती? काळा की नुसता मळका?"

"लाजू नका जी, प्रवासात होतेच," ती म्हणाली. मला हसावं की रडावं कळेना. अकराच्या सुमारास ऊन तापलं, वारा सुटला आणि डोंगर इतके स्वच्छ दिसू लागले की त्यांवरची झाडं मोजावीत. "पाहा!" देवाजी म्हणाला, जणू त्यानंच पुसून ठेवले होते. आता सुमनला सातची हवा सांगायची की अकराची?

दुपारच्या बसनं सौंसर गाठलं. दुसरा रुमाल शेषरावच्या ओसरीत टांगला. पहाटे डोळे चुरचुरले म्हणून बाहेर आलो, तर शेषराव संत्र्याच्या नव्या कलमांभोवती ओल्या कुटाराचे (भुशाचे) ढीग पेटवून फुंकर घालत होता.

"अरे, हे काय करून राहिला?"

"थंडीनं कलमं जळतात, भाऊजी. धूर अस्सा बसून राहिला पाहिजे. वारा सुटला का सारी मेहनत पाण्यात."

ज्या साचलेल्या हवेला मी कालपासून मनात शिव्या घालत होतो, ती अशीच राहो म्हणून हा माणूस हात जोडत होता. कलमांची पानं नखाएवढी, कोवळी. रागवायचं तरी कोणावर?

"मग हा धूर जातो कुठे?"

"ऊन पडलं का उठते. वरचं वारं असन तर जाते तुमच्या नागपूरकडे."

"देवाजी तर म्हणतो, नागपूरचा इकडे येतो."

"येत असन. वाऱ्याले काय, जाऊन-येऊन राहते."

रुमाल काळा झाला होता, पण तो गावानं काळा केला की एकट्या शेषरावनं, हे काही त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं. मी तो गुपचूप खिशात कोंबला. तेवढ्यात शेषरावच्या बायकोनं, वहिनींनी, चहा आणला. कप ठेवताना त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एक विचारू का? डॉक्टर म्हणून राहिला, थंडीत हवा बदला. माझ्या मनात होतं, महिनाभर ताईकडे नागपूरले यावं. तुमच्या तिथं चुली नाही, बागा नाही. चालन का?"

गरम चहानं माझी जीभ पोळली. मी नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही, हे मलाही ठाऊक नाही.

घरी पोचलो तेव्हा सुमन बॅगेशेजारीच बसली होती. मी सगळं सांगितलं, झाकण, ट्रक, इस्त्री, कलमं, वारा, जसं आठवेल तसं, उलटसुलट. शेवटी वहिनींचं बोलणं सांगितलं. मला फार वाईट वाटलं. एवढं एकच काम सुमननं सोपवलं होतं. मग तिनं बॅग उघडली, वरची शाल काढली आणि ती ठेवायला आत जाता जाता म्हणाली, "वहिनीला फोन लावा. ये म्हणावं. एकमेकींकडे बघू तरी."

मी फोन लावला. कोरडा, लांबलचक खोकला ऐकू आला.

"सावकाश, वहिनी, सावकाश," मी म्हणालो.

"अहो, मी आहे," सुमन आतून म्हणाली. फोन अजून वाजतच होता.